एकच शेठ, चार गेटं आणि एका जिल्ह्याचा परवाना

प्रश्न

ताई, नमस्कार. मी चंदगड तालुक्यातला. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि गावाकडे येऊन छोटी सिक्युरिटी एजन्सी काढली. कोल्हापूर जिल्ह्यापुरतं पसारा लायसन्स, म्हणजे सिक्युरिटी एजन्सी चालवायचा परवाना, रीतसर घेतलंय, पुढच्या वर्षी मुदत संपते. २२ गार्ड आहेत, त्यातले निम्मे माजी सैनिक. आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक काजूवाले शेठ. त्यांच्या शिनोळीच्या कारखान्यावर आमचे आठ गार्ड आणि दोडामार्गच्या गोदामावर दोघे, तेही आता दोन वर्षं झाली.

शेठनी नुकतंच डिचोलीत मोठं गोदाम घेतलं. तिथे सहा माणसं मागतात. त्यांच्या भावाचं बेळगावात पॅकिंग सुरू होतंय, तिथे चार. शेठ म्हणतात, कायदा केंद्राचा आहे तर लायसन्स देशभर चाललं पाहिजे; एक तारखेपासून माणसं उभी कर आणि बिल एकच दे. गोव्यातला एक एजन्सीवाला म्हणतो, माझ्या लायसन्सवर काम कर, दर गार्डामागे महिन्याला थोडं दे म्हणजे झालं.

माझा पुतण्या दुबईत गार्ड आहे. त्याच्याकडे स्वतःच्या नावाचं सरकारी कार्ड आहे. आमच्या पोरांना असं कार्ड का मिळत नाही? त्यातच परवा शिनोळीत कामगार खात्याचे साहेब आले. मी लायसन्स दाखवलं तर म्हणाले, हे गृहखात्याचं झालं, मंडळाची सूट कुठाय? मला काही उमजेना. आणि शेवटचं. आमच्याकडे एक मामा आहेत, ६६ वर्षांचे. रात्रपाळीला त्यांच्यासारखा माणूस नाही. त्यांना ठेवता येईल ना? सोबत शिनोळीच्या गेटचा फोटो पाठवलाय.

उत्तर

हवालदारसाहेब, नमस्कार.

शेठचं निम्मं बरोबर आहे. कायदा केंद्राचाच आहे. खाजगी सुरक्षा अभिकरणे (म्हणजे एजन्सी) (विनियमन) अधिनियम, २००५, ज्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पसारा’ म्हणतात, हा संसदेने केला आणि २००६ पासून तो लागू झाला. पण त्याच कायद्याने परवाना द्यायचं काम राज्यांकडे सोपवलंय. प्रत्येक राज्य आपला नियंत्रक प्राधिकारी नेमतं, आपले नियम करतं आणि आपल्या हद्दीपुरता परवाना देतं. दिल्लीत एक खिडकी आहे, तिथे पैसे भरले की काश्मीर ते कन्याकुमारी गार्ड उभे करता येतात, असं काही नाही. देशभर पसरलेल्या मोठमोठ्या कंपन्याही राज्यागणिक वेगवेगळा परवाना घेऊनच काम करतात. तुमचं ऑफिस चंदगडात, शेठ चंदगडचे, बिल चंदगडातून निघणार, पगार चंदगडच्या बँकेतून होणार, यातल्या कशाचाच उपयोग नाही. गार्ड ज्या गेटवर उभा आहे ते गेट कुठल्या हद्दीत येतं, एवढंच पाहिलं जातं.

आता जरा लायसन्सचा कागद काढा आणि त्यावर कार्यक्षेत्र काय लिहिलंय ते वाचा. तुम्हीच कळवलंय, कोल्हापूर जिल्हा. मग दोडामार्गचं काय? तिलारीचा घाट उतरलात की कोल्हापूर जिल्हा संपला, सिंधुदुर्ग लागला. डिचोलीची काळजी तुम्ही पुढची म्हणून करताय, पण अडचण दोन वर्षांपासून दोडामार्गच्या गेटवर बसलेली आहे. गोदाम महाराष्ट्रातच आहे, गाडीची पाटीही एमएचच, म्हणून तुम्हाला ते खटकलं नसणार. या कायद्यात मात्र परवान्याची फीच मुळी जिल्ह्यांच्या हिशेबाने ठरते. एका जिल्ह्यासाठी पाच हजार, एकापेक्षा जास्त पण पाच जिल्ह्यांपर्यंत दहा हजार आणि अख्ख्या राज्यासाठी पंचवीस हजार रुपये. तुम्ही पाच हजारांत एक जिल्हा घेतला आणि काम दोन जिल्ह्यांत चालवलंत.

ही चूक सुधारण्यासारखी आहे, फक्त अंगाशी यायच्या आत सुधारायला हवी. परवान्यावाचून एजन्सी चालवणं हा गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा पंचवीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हातात परवाना आहे, फक्त जिल्हा वेगळा, हा बचाव कोर्टात कितपत टिकेल याचा प्रयोग तुम्ही स्वतःवर करू नये असं मला वाटतं. शिवाय पुढे गोव्याचा अर्ज भराल, पुढच्या वर्षी इथलं नूतनीकरण कराल, तेव्हा प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि त्यात तुमच्यावर कुठे गुन्हा नोंद आहे का, कोर्टात काही चालू आहे का, हे लिहावं लागतं. दोडामार्गची एक केस सगळीकडे मागे मागे फिरेल.

म्हणून पहिलं काम, कार्यक्षेत्र वाढवून मागण्याचा अर्ज. पाच जिल्ह्यांपर्यंतच्या फीत कोल्हापूर आणि सिंधुदुर्ग तर बसतातच, आजूबाजूला उद्या काम मिळालं तर तेही बसेल. अर्ज मंजूर होईपर्यंत दोडामार्गचे ते दोघे तुमच्या मस्टरवर ठेवू नका. शेठना सांगा, तेवढे दिवस त्यांना थेट आपल्या नोकरीत घ्या. हा कायदा दुसऱ्याला गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीला लागू आहे. कारखानदाराने स्वतःचा रखवालदार स्वतः नेमला, पगार स्वतः दिला, पीएफ स्वतः भरला, तर त्याला एजन्सीचा परवाना लागत नाही. मात्र हे खरंच व्हायला हवं. कागदावर शेठचे नोकर, पण ड्युटी तुम्ही लावताय, रजा तुम्ही देताय आणि महिन्याच्या शेवटी शेठकडून कमिशन घेताय, असला प्रकार असेल तर तो एजन्सीचाच धंदा झाला, नुसती पाटी बदलली.

आता डिचोली. तो तालुका उत्तर गोवा जिल्ह्यात येतो, म्हणजे गोवा राज्याकडे स्वतंत्र अर्ज. एकाच जिल्ह्याचं काम असल्यामुळे फीचा पहिला स्तर लागतो. पुढेमागे सगळ्या गोव्यात काम करायचं मनात असेल तर अर्ज भरण्याआधी तिथल्या कार्यालयात एक गोष्ट विचारून घ्या. गोव्यातले जिल्हे सगळे मिळून पाचाच्या आतच भरतात, तेव्हा पाच जिल्ह्यांपर्यंतचा दर लागतो की सगळ्या राज्याचा? पंधरा हजारांचा फरक आहे, विचारायला लाजू नका.

शेठची एक तारीख मात्र विसरा. पूर्ण कागदपत्रांसह अर्ज आणि फी पोचल्यापासून साठ दिवसांत निर्णय द्यावा असं कायदा म्हणतो. त्यात ‘पूर्ण’ या शब्दावरच सगळं अडतं. एखादं प्रमाणपत्र राहिलं, पोलिसांचा ना-हरकत अहवाल रेंगाळला, की साठाचे किती होतील याचा नेम नाही. माझ्याकडे येणाऱ्या एजन्सीवाल्यांना मी एकच सांगते, गिऱ्हाइकाला तारीख देऊ नका. वर्क ऑर्डरमध्ये ‘काम परवाना मिळाल्यापासून पंधरा दिवसांत सुरू होईल’ असं लिहून घ्या. शेठ खरंच तुमच्यावर खूश असतील तर थांबतील. तोवर डिचोलीला त्यांनी गोव्यातल्या परवानाधारक एजन्सीची माणसं घ्यावीत, किंवा आपली स्वतःची नेमावीत.

आता तुम्हाला ‘माझ्या लायसन्सवर कर’ म्हणणाऱ्या माणसाकडे वळते. याला धंद्यात सर्रास ‘लायसन्स भाड्याने देणं’ म्हणतात आणि देणाराही ते बिनदिक्कत सांगतो, कारण त्याला घरबसल्या पैसे मिळतात. पण परवाना त्याच्या एजन्सीला दिलेला आहे. मालक कोण, त्याच्यावर गुन्हे आहेत का, त्याने शपथेवर काय सांगितलंय, हे सगळं तपासून दिलेला आहे. त्या तपासणीत तुम्ही कुठेच नाही. प्रत्यक्ष धंदा तुम्ही चालवणार म्हणजे गोव्यात विनापरवाना तुम्ही ठरणार, आणि त्याचा परवाना जायची वेळ आली की तो तुमच्याकडे बोट दाखवणार.

एकदा एका गोदाममालकाचं प्रकरण माझ्याकडे आलं होतं. चोरी झाली, विम्याचा दावा लागला, सर्वेअर आला. त्याने पहिल्यांदा मागितलं गार्डचं ओळखपत्र. त्यावर एका एजन्सीचं नाव, गार्डच्या शर्टाच्या बाहीवर दुसऱ्याच एजन्सीचा बिल्ला आणि गेटवरच्या आवक-जावक वहीत हजेरी घेणाऱ्याची सही तिसऱ्याच माणसाची. सर्वेअरने तिन्हींचे फोटो काढले आणि गेला. पुढे त्या दाव्यावर जी पत्रापत्री झाली ती वाचून मालकाने डोक्याला हात लावला. शेठचा काजू गोदामात पडून असणार, लाखोंचा माल. हे त्यांच्या कानावर घाला, मग ‘एक तारीख’ ते स्वतःच पुढे ढकलतील.

त्या गोव्याच्या माणसाबरोबर सरळ मार्गाने काम करायचं असेल तर तेही जमतं. कंत्राट त्याने घ्यावं, गार्ड त्याच्या मस्टरवर, ओळखपत्र त्याचं, पीएफ त्याचा, जबाबदारी त्याची. तुमच्याकडच्या एखाद्या माजी सैनिकाला तो सुपरवायझर म्हणून नोकरीत घेऊ शकतो. सैन्यदलात किंवा पोलिसांत किमान तीन वर्षं काढलेल्यांना सुपरवायझर नेमताना प्राधान्य द्यावं असं कायद्यातच आहे. यात तुमची कमाई नाही हे मला कळतंय. पण शेठ हातचे जात नाहीत, आणि परवाना आला की काम तुमच्याकडे वळवता येतं.

बेळगावचं मी स्पष्टच सांगते, सध्या सोडा. शिनोळीहून बेळगाव हाकेच्या अंतरावर, निम्मा तालुका बाजाराला तिकडेच जातो, तुमच्या रेजिमेंटचं सेंटरही तिथलंच, म्हणून ते परकं वाटत नाही. सरकारी हिशेबाने मात्र ते दुसरं राज्य. कर्नाटकाचा वेगळा परवाना, वेगळी पडताळणी, वेगळं रजिस्टर, आणि तेही चार माणसांसाठी. शिवाय परवाना मिळाल्यापासून सहा महिन्यांत काम सुरू करणं बंधनकारक आहे, म्हणजे ‘घेऊन ठेवू, कधीतरी कामाला येईल’ हाही हिशेब चालत नाही. शेठच्या भावाला म्हणावं, चार वॉचमन स्वतःच नेमा.

‘बिल एकच दे’ याचंही ऐकू नका. किमान वेतन प्रत्येक राज्याचं वेगळं असतं. डिचोलीच्या गेटवर उभ्या असलेल्या माणसाला गोव्याचा दर द्यावा लागतो, मग तो रोज संध्याकाळी घाट चढून घरी येत असला तरी. चंदगडचा दर धरून कोटेशन दिलंत तर फरक तुमच्या खिशातून जाणार. साइटवार वर्क ऑर्डर, साइटवार मस्टर, साइटवार बिल. ईएसआयसीला, म्हणजे कामगार विम्याच्या महामंडळाकडे, गोव्यासाठी सब-कोड (तिथला वेगळा नोंदणी क्रमांक) काढून घ्या. आणखी एक खर्च बहुतेक जण विसरतात, तो सुपरवायझरचा. केंद्राच्या नमुना नियमांप्रमाणे (राज्यांनी आपले नियम करताना समोर ठेवायचे ते) पंधरा गार्डांमागे एक सुपरवायझर हवा. पण गार्ड वेगवेगळ्या जागी विखुरलेले असतील आणि एका जागेवरून देखरेख शक्य नसेल, तर दर सहा गार्डांमागे एक. डिचोलीचे सहा म्हणजे तिथे एक सुपरवायझर धराच. शिनोळीतून मोटारसायकलवर आठवड्यातून एकदा चक्कर मारण्याला देखरेख म्हणत नाहीत, हे सैन्यातल्या माणसाला मी काय सांगावं!

पुतण्याच्या कार्डाचा प्रश्न मला फार आवडला, कारण निम्मा गोंधळ तिथूनच येतो. दुबईत सुरक्षा उद्योगासाठी ‘सिरा’ नावाची सरकारी संस्था आहे. गार्डने प्रशिक्षण घ्यायचं, परीक्षा द्यायची आणि कार्ड त्याच्या नावाने मिळतं. इंग्लंडमध्येही २००१ च्या कायद्याने गार्डला स्वतःचा परवाना काढावा लागतो. आपल्याकडे उलटं आहे. सरकार परवाना देतं एजन्सीला. गार्डला ओळखपत्र देते एजन्सी. नोकरी सुटली की ते ओळखपत्र परत करायचं. त्यामुळे दहा वर्षं चोख काम केलेल्या गार्डच्या हातात सरकारने दिलेलं असं काहीच उरत नाही, नव्या एजन्सीत तो पुन्हा नवखा. मला विचाराल तर हा या कायद्यातला सगळ्यात मोठा दोष आहे, आणि गार्डांच्या संघटनांनी याचा पिच्छा पुरवायला हवा. पण आज कायदा आहे तो असा आहे. म्हणून गार्डची सगळी पात्रता तपासण्याची जबाबदारी तुमच्या डोक्यावर येते.

गार्डच्या हातात राहील असा एक कागद मात्र आहे, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. नमुना नियमांप्रमाणे १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानावर, किमान वीस दिवसांत. माजी सैनिक आणि निवृत्त पोलिसांना सवलत आहे, पण माफी नाही: ४० तास वर्गात, १६ तास मैदानावर, किमान सात दिवस. ‘आम्ही सीमेवर उभे राहिलोय, आम्हाला गेटवर उभं राहायला काय शिकवणार’ असं तुमचे जवान म्हणतीलच. त्यांना म्हणावं, गेटवर वेगळंच लागतं. आग लागली तर कुठलं नळकांडं उचलायचं, पाहुण्याचं ओळखपत्र कसं तपासायचं, एफआयआर कशी होते, आपण एखाद्याला अडवू शकतो ते कुठपर्यंत. इंग्रजी अक्षरं आणि आकडे वाचता येणंही त्यात आहे, कारण ट्रकचा नंबर आणि आधार कार्ड चुकीचं उतरवलं तर वही ठेवून उपयोग काय? संस्था मान्यताप्राप्त आहे ना ते पाहा आणि मूळ प्रमाणपत्र गार्डकडेच ठेवा, तुमच्या कपाटात नको. प्रती तुमच्याकडे असल्या की पुरे. काही एजन्सीवाले गार्ड सोडून जाऊ नये म्हणून मूळ कागद दाबून ठेवतात, ती खोड तुम्हाला नसावी अशी अपेक्षा.

शरीराच्या अटीही आहेत. पुरुष गार्डची उंची १६० सेंटिमीटर, महिलेची १५०, आणि एक किलोमीटर सहा मिनिटांत पळता आलं पाहिजे. तुमच्या निम्म्या मंडळींना हा खेळ आहे. उरलेल्या निम्म्यांना एकदा सकाळी मैदानावर नेऊन बघा. वर्षातून एकदा प्रत्येकाची वैद्यकीय तपासणीही करायची असते.

आता कामगार खात्याचे साहेब. ते बरोबर बोलले, फक्त समजावून सांगायला त्यांना वेळ नसेल. महाराष्ट्रात एजन्सीवाल्याला दोन दारं ठोठावावी लागतात. एक गृहखात्याचं, ते तुम्ही ठोठावलंत. दुसरं कामगार खात्याचं. २००५ चा केंद्राचा कायदा येण्याच्या कितीतरी आधी, १९८१ साली, आपल्या राज्याने महाराष्ट्र खाजगी सुरक्षा रक्षक (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम केला. तेव्हा ठेकेदार रखवालदारांना बारा-बारा तास उभं करायचे, पगार कापायचे, आणि कारखानदार म्हणायचा, ही माझी माणसंच नाहीत. त्यावर उपाय म्हणून सुरक्षा रक्षक मंडळं निघाली. पद्धत अशी: कारखाना मंडळात नोंदवायचा, रक्षकही मंडळात नोंदवायचे, मंडळ रक्षक पुरवणार, मालक वेतन आणि वरची लेव्ही (वेतनावरची जादा वर्गणी) मंडळाकडे भरणार, आणि त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा भागणार. मुंबई-ठाण्यात हे सुरू झालं आणि पुढे इतर जिल्ह्यांत पसरलं. माथाडी मंडळाची पद्धत तुम्हाला ठाऊक असेल, त्याच वळणाची ही.

मग खासगी एजन्सीने काय करायचं? त्या कायद्याच्या कलम २३ मध्ये सूट आहे. एजन्सीचे गार्ड मंडळाच्या रक्षकांना मिळतं त्याहून कमी नाही असं वेतन आणि सुविधा मिळवतात, हे दाखवता आलं तर सरकार त्यांना कायद्याच्या तरतुदींतून सूट देऊ शकतं. अशा सुटीच्या अधिसूचना राजपत्रात निघतात, अटींसह आणि मुदतीपुरत्या. साहेबांनी मागितली ती हीच. हे काम गृहखात्याच्या परवान्याने आपोआप होत नाही आणि सूट मिळाली म्हणून परवाना माफ होत नाही. दोन खाती, दोन कागद.

या जुन्या कायद्यावर एजन्सीवाले फार चिडतात, ‘मंडळ म्हणजे आमच्या पोटावर पाय’ म्हणतात. मी बरीच वर्षं दोन्ही बाजूंचे कागद पाहिलेत. मंडळाचा रक्षक निवृत्त होताना हातात काहीतरी घेऊन जातो. बहुतेक ठेकेदारांकडचा मोकळ्या हाताने जातो. तुम्ही त्या बहुतेकांतले नसाल तर सूट मागायला घाबरण्याचं कारण नाही, कारण जे सिद्ध करायचंय ते तुम्ही आधीच देत असणार. नसाल देत, तर साहेब परत येण्याआधी सुरू करा. कोल्हापूरच्या कामगार कार्यालयात जाताना शिनोळीचं मस्टर, पगारपत्रकं, पीएफ-ईएसआयसीची चलनं आणि शेठबरोबरचा करार सोबत न्या. तिथे सरळ विचारा: शिनोळीच्या कारखान्याची मंडळाकडे नोंदणी आहे का, नसेल तर कुणी करायची, आणि सुटीचा प्रस्ताव कुणाकडे द्यायचा. शेठनाही बरोबर न्या, कारण हा कायदा त्यांनाही ‘मुख्य मालक’ म्हणून धरतो. एकटे गेलात तर सगळं तुमच्यावरच येईल.

मामांबद्दल लिहायला हात जड होतोय, पण कायद्यात पळवाट नाही. गार्डचं वय अठरा पूर्ण आणि पासष्टच्या आत. मामा सहासष्टचे. त्यांच्या आधार कार्डावरची जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळत नाही वगैरे सुचवणारे भेटतील, त्या फंदात पडू नका. पात्रता नसलेला गार्ड ठेवला तर पंचवीस हजारांपर्यंत दंड आणि वर परवाना निलंबित किंवा रद्द, दोन्ही होऊ शकतं. एका मामांपायी बाकीच्या एकवीस घरांची चूल विझायला नको. त्यांना गेटवरून काढा, पण रस्त्यावर सोडू नका. नव्या पोरांना गेट कसं सांभाळायचं ते शिकवायला, कागदपत्रं पोचवायला, स्टोअरचा हिशेब ठेवायला तुमच्या ऑफिसात ठेवून घ्या. गणवेश नाही, ओळखपत्र नाही, रात्रपाळी नाही. त्यांना हे तुम्ही स्वतः जाऊन सांगा, सुपरवायझरकरवी निरोप धाडू नका.

फोटो पाहिला. गेट झकास, वही उघडी, पेन दोरीला बांधलेलं, अग्निशामक नळकांड्यावर तपासणीची चिठ्ठी. मन प्रसन्न झालं. पण डावीकडच्या पोराने लष्करी चट्ट्यापट्ट्याची पॅन्ट घातलीय. ती त्याला तुमच्यातल्याच कुणीतरी मायेने दिली असणार. काढायला लावा. लष्कराच्या किंवा पोलिसांच्या गणवेशासारखा दिसेल असा पोशाख खासगी गार्डने घातला तर त्याला आणि एजन्सीच्या मालकालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तुमच्यासारख्या माजी सैनिकांच्या एजन्सीतच हे जास्त घडतं, कारण तो कपडा घरात असतो आणि त्याचा अभिमानही असतो. त्याऐवजी नियमातलं पुरं करा. बाहीवर एजन्सीचा बिल्ला, छातीवर किंवा खांद्यावर हुद्द्याचा, डोक्याला टोपी, नाडीचे बूट, आणि दोरीला लावलेली शिट्टी डाव्या खिशात. फोटोत उजवीकडच्या गार्डची शिट्टी उजव्या खिशात दिसतेय.

तुम्ही विचारलं नाहीत, पण माजी सैनिक म्हटलं की कुणाकडे तरी परवान्याची बंदूक असतेच, आणि शेठ डिचोलीसाठी ‘एक गनमॅन दे’ म्हणतीलच. शस्त्राच्या परवान्यावर तो कुठल्या क्षेत्रात चालतो ते लिहिलेलं असतं. महाराष्ट्रापुरता असेल तर ती बंदूक घाट उतरून गोव्यात न्यायची नाही, ड्युटीला तर नाहीच. क्षेत्र वाढवून मिळेपर्यंत डिचोलीला बिनबंदुकीची माणसं.

कामांचा क्रम असा लावा. या आठवड्यात दोडामार्गचे दोघे शेठच्या मस्टरवर आणि कार्यक्षेत्र वाढवण्याचा अर्ज. त्यानंतर कामगार कार्यालय. गोव्याचा अर्ज तिसरा, कारण त्या प्रतिज्ञापत्रावर सही करताना पहिल्या दोन गोष्टी मार्गी लागलेल्या असल्या तर तुमचा हात थरथरणार नाही. गार्डांच्या पोलिस पडताळणीचे अर्ज आत्ताच टाकून द्या, त्याला वेळ लागतो. गेल्या पाच वर्षांत जो एकापेक्षा जास्त जिल्ह्यांत राहिला असेल त्याचे तेवढे फॉर्म भरावे लागतात. आणि पुढच्या वर्षीचं नूतनीकरण. मुदत संपायच्या किमान पंचेचाळीस दिवस आधी अर्ज पोचायला हवा, मुदतीच्या दिवशी नव्हे. परवान्याची शेवटची तारीख आजच कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा आणि तिच्या दोन महिने आधीच्या तारखेवर दुसरी खूण करा. अर्ज त्या दुसऱ्या खुणेला द्यायचा.